मंडईत बोललेली इंग्रजी

त्या दुपारी आम्ही दोघं अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. नवे तांदूळ गिरणीवरून आले की आमच्या घरी हे काम दोघांचं. पंचफुला सुपात पाखडून कोंडा उडवायची, मग सूप मधे ठेवायची आणि मी चष्मा लावून खडे वेचायचो. पाखडणं मला साऱ्या जन्मात जमलं नाही. मी सूप हातात घेतलं की कोंड्यासंगं तांदूळही बाहेर जायचे. मग ती म्हणायची, "राहू द्या जी, तुमच्या हातानं कोंबड्यायचंच पोट भरून राहिलं." दरवर्षी हेच म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तेही दरवर्षीचंच.

बाजूला चटईवर आमची नात रुची इंग्रजीचा अभ्यास करत होती. शाळेतल्या बाईंनी शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या. आवाज सारखा, अर्थ वेगळा. प्रत्येक शब्दाचं बरोबर वाक्य करून आणायचं. मी इथे आपल्या अक्षरात लिहितो आहे, म्हणून जोडीतले दोन्ही शब्द सारखेच दिसतील. इंग्रजीत ते वेगळे लिहितात. सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगा. पोरीने बऱ्याच जोड्या केल्या आणि 'वीक'वर येऊन अडली. एक वीक म्हणजे आठवडा आणि दुसरा वीक म्हणजे कमजोर.

"आजी, याचं सांग ना," ती म्हणाली. घरात इंग्रजीचं आजीलाच विचारतात. पंचफुला नववी पास होती, मी नववी नापास.

"हे तुह्या आबाजीले विचार," पंचफुला म्हणाली. "या वाक्याच्या भरोशावर तं मी या घरात आली."

"कसं काय आबाजी?"

मी म्हटलं, "आधी खडे होऊ दे. मंग सांगतो."

पंचफुला हसली. दात पडलेल्या तोंडाने हसायची ती, पदर न घेता. निवडलेले तांदूळ डब्यात टाकायला सूप घेऊन उठली. दोन पावलं गेली असेल, आणि तिचा हात भिंत शोधू लागला. सूप आधी पडलं. निवडलेले सारे तांदूळ अंगणभर झाले.

पुढचं शेवटी सांगतो. घाई नाही. आता मला कशाचीच घाई नाही. आधी ते वाक्य सांगतो, कारण त्या दिवशी ते सांगायचं राहिलं, आणि त्यानंतर घरात ते कोणी विचारलं नाही.

तेव्हा मी आंधळगावच्या शाळेत नववीत होतो. एकदा नापास होऊन परत त्याच वर्गात बसलेला, मिशा फुटलेला पोट्टा. आमचं गाव तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. घरी बा, माय आणि मी. ताईचं लग्न होऊन गेलं होतं. आमच्या घरची सकाळ मुसळाच्या आवाजाने व्हायची. आंधळगावात गिरणी आली होती, पण माय खाण्यापुरते धान घरीच उखळात कांडायची. गिरणीच्या तांदळाला चव नाही म्हणायची. अंधार असतानाच तिचं मुसळ सुरू व्हायचं, एका चालीचं, मधे दम घ्यायला थांबायचं, पुन्हा सुरू. मी गोधडीत पडून ऐकायचो. मुसळ थांबून सुपाचा आवाज आला की समजायचं, आता चूल पेटेल, पेज शिजेल, आता उठावं लागते. घड्याळ नव्हतं आमच्या घरी. गरजही नव्हती.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपली आणि मायच्या अंगात ताप शिरला तो निघेचना. आधी कणकण, मग रोजचाच. तुमसरच्या डॉक्टरने सुया दिल्या, औषध दिलं, म्हणाला कमजोरी आहे, आराम पाहिजे. आराम म्हणजे काय ते आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. ती खाटेवर पडली आणि घराचा आवाजच बंद झाला. बा रांधायचा. करपलेला भात आणि मीठ-मिरची. मी खाऊन शाळेत जायचो. माय दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. आपल्याला कोणी रांधून घालते याची तिला लाज वाटायची. आता हे लिहिताना माझी सून ताट आणून ठेवून गेली. मायला काय वाटत असेल ते मला आता समजते.

घरात बाई पाहिजे होती. बाने माझं लग्न काढलं. पोळ्याच्या वेळी एक पाहुणे आले. पोरीचा बाप खाटेवरच्या मायकडे पाहून चहा न पिताच उठला. जाताना दारातच म्हणाला, "पोरगी संसाराले देऊन राहिलो का दवाखान्याले?" माय ऐकत होती. त्या दिवसापासून बाने ठरवलं की मायचं दुखणं गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही. गावातही जाऊ द्यायचं नाही. मला समोर उभं करून म्हणाला, "माय चांगली हाये. कोनी इचारलं तं चांगली हाये. समजलं?" आणि दुसऱ्या दिवशीपासून पहाटे दार आतून लावून तो स्वतः धान कांडू लागला. गल्लीत मुसळाचा आवाज गेला पाहिजे म्हणून. चांगला उंचापुरा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला मान, तो अंधारात बंद दाराआड बाईमाणसासारखा कांडत उभा राहायचा. पण मायची चाल त्याला कुठून येणार. तो आपला लाकूड फोडल्यासारखा घाव घालायचा. एक दिवस शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "का जी भाऊजी, वहिनीचा हात भलताच जड झाला वाट्टे. दनादन मारून राहिली."

बा म्हणाला, "यंदा धानच जाड हाये."

"असन बापा," काकू म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. तिला सारं समजलं होतं. पण तिनेही कोणाला सांगितलं नाही.

इकडे शाळेत आमचे इंग्रजीचे सर वेगळ्याच तऱ्हेचे होते. हे सारख्या आवाजाचे शब्द त्यांचा आवडता धडा. जोडी फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, वाक्य घरून आणा, पण स्वतः पाहिलेलं आणा. गाईडातलं वाक्य त्यांना लगेच ओळखू यायचं. एका पोराने राजाचं आणि राजवाड्याचं वाक्य आणलं. सर म्हणाले, "तुमच्या गावात राजवाडा कुठं हाये बे? दाखव, मी येतो सायकलीनं." पोरगा दिवसभर वर्गाबाहेर बसला. तेव्हापासून आम्ही जे घडलं तेच लिहू लागलो. मला काही सुचायचंही नाही दुसरं. सरपणासाठी आंबागडच्या जंगलाकडे गेलो असताना अस्वल पाहिलं होतं, पायात काही नव्हतं, पळता पळता काटे भरले होते. तेच लिहिलं. आम्ही धान पेरतो, ते लिहिलं. माय माझा सदरा शिवते, ते लिहिलं. आणि 'वीक' आला त्या दिवशी घरी माय जशी होती तसं लिहिलं. सरांनी वाचलं, वही परत दिली आणि पुढच्या पोराची घेतली.

ही सारी वाक्यं मी पाढ्यासारखी पाठ केली होती. शाळेच्या वाटेवर, तलावाच्या पाळीवरून जाताना मोठ्याने म्हणत जायचो. गुरंवाले पोट्टे ओरडायचे, "साहेब चालला रे." माझं एकच व्हायचं, मधे अडलो की पुन्हा पहिल्यापासून. मधलं एक वाक्य गाळून पुढचं म्हणता यायचं नाही. पाढा म्हणताना मधली ओळ गाळता येते का कोणाला?

दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. ज्या गावची मंडई त्या गावात चहूकडचे सोयरे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, नाटक होते, पाहुणे मुक्कामाला राहतात. आणि मंडईच्या निमित्ताने पोरा-पोरींची पाहणी होते. कोणी तसं म्हणत नाही. म्हणतात, मंडई पाहाले आलो. त्या वर्षी लाखांदुराकडचे एक पाहुणे एस.टी.ने आमच्या घरी 'मंडई पाहाले' आले. पोरीचा मामा, मामी आणि पोरगी. पोरीला बाप नव्हता, मामानेच वाढवली होती, नववीपर्यंत शिकवलीही होती. मामाची एकच अट, पोरगा शिकणारा पाहिजे. बाने निरोपातच सांगून टाकलं होतं की आमचा पोट्टा इंग्रजी बोलते.

भाऊबिजेला आलेली ताई आमच्यासाठी थांबली होती. तिने उडदाचे वडे तळले, वांग्यात झिंगे टाकून भाजी केली, घरातून बऱ्याच दिवसांनी चांगला वास आला. बाने मायला उठवलं, ताईने तिला नवं लुगडं नेसवलं आणि दोघांनी धरून आणून तिला ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. मांडीवर तांदळाचं सूप दिलं. बा म्हणाला, "काई करू नको. हात फिरवत राह्य." माय म्हणाली, "उठावं लागलं तं?" बा म्हणाला, "नाई लागन." दिवसभर माय त्या सुपात हात फिरवत बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरची बाई कामात आहे. पाहुण्यांनी नमस्कार केला तेव्हा तिने बसल्या बसल्याच हात जोडले आणि सुपाकडे बोट दाखवलं, जशी काही कामाची फार घाई आहे.

जेवणं झाली. ओसरीवर सुपारी फिरली. मामा माझ्याकडे वळला. "का गा, इंग्रजी बोलतेस म्हंते तू. बोलून दाखव बरं."

बा म्हणाला, "बोल बेटा. लाजू नको."

गल्लीतले दोघं-चौघंही येऊन उभे राहिले. मी हात मागे बांधून, वर्गात उभा राहायचो तसा उभा राहिलो. मला इंग्रजी कुठे येत होती. मला ती वाक्यं येत होती. मी सुरू केलं. आय सॉ अ बेअर. माय फीट वेअर बेअर. मामाने मान डोलावली. वुई सो पॅडी. माय मदर सोज माय शर्ट. गल्लीतला एक जण म्हणाला, "गाडीवानी सुटला बे." बाची छाती फुगली. आणि पुढचं वाक्य तोंडाशी आलं तेव्हा मला समजलं की ते कोणतं आहे. पण थांबलो असतो तर पुन्हा अस्वलापासून सुरू करावं लागलं असतं. मी म्हटलं, इथे कोणाला कळते. आणि म्हणून टाकलं. माय मदर इज वीक. शी डिड नॉट कुक धिस वीक. द सन इज हॉट. आय अ‍ॅम हर सन.

पोरगी तेव्हा पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. खाली मान घालून होती, तशाच पोरी असतात पाहणीत. 'वीक' म्हटल्याबरोबर तिने मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं. मायकडे पाहिलं. खांबाला टेकलेल्या मायकडे, सुपातल्या तिच्या हाताकडे, नव्या लुगड्यातून बाहेर आलेल्या काटकीसारख्या मनगटाकडे. बराच वेळ पाहत राहिली. आता ही मामीच्या कानात सांगेल, मामा उठेल, आणि पोळ्याच्या पाहुण्यासारखा दारात काहीतरी बोलून जाईल, आणि माय ते ऐकेल. मला पोरीची काळजी नव्हती. मायने पुन्हा ऐकू नये एवढंच वाटत होतं.

"वा," मामा म्हणाला. "काय सांगतलं गा यात?"

माझ्याआधी बाच बोलला. "शेतीचं सांगतलं. अन् घरचं."

"असं असं," मामा म्हणाला. पोरगी आत गेली. नाटक पाहायला सारे गेले तेव्हा ती मामीला धरून चालत होती. मी नाटकात काय पाहिलं ते मला आठवत नाही.

सकाळी पाहुणे एस.टी.साठी निघाले. थैल्या बांधून झाल्या होत्या. माय पुन्हा खांबाला टेकून बसली होती, तेच सूप मांडीवर. रात्रभरच्या तापाने तिचे डोळे लाल होते. बा आणि मामा गाडीच्या वेळेचं बोलत होते, लग्नाचं कोणीच काढत नव्हतं. मला वाटलं, झालं, नाही म्हणतील, पण भल्या माणसासारखे गावी जाऊन निरोपाने म्हणतील. तेवढ्यात पोरगी पायातल्या वहाणा काढून परत ओसरीवर चढली आणि मायजवळ बसली.

"खडे राह्यले याच्यात," ती मायला म्हणाली. "द्या इकडं."

मायने सूप घट्ट धरलं. म्हणाली, "राहू दे व. पाहुनी हायेस."

"द्या," पोरगी म्हणाली आणि मायची बोटं एक एक करून सुपावरून सोडवली. मग उभी राहून पाखडू लागली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात सुपाचा तो आवाज आला. शेजारची काकू कुंपणाशी आली. बा बोलता बोलता थांबला. पोरीने खडे वेचले, तांदूळ नीट केले, ताईजवळ दिले आणि मायला काखेत हात घालून उठवलं, आत नेऊन खाटेवर निजवलं. साऱ्यांच्या देखत. जे आम्ही महिनोन्‌महिने लपवून ठेवलं होतं ते तिने उचलून आत नेऊन ठेवलं आणि कोणाला एक शब्द विचारला नाही.

मामा समजायचं ते समजला. त्याने बाच्याकडे पाहिलं. बाची मान खाली गेली होती. मामाने हातातली थैली खाली ठेवली आणि म्हणाला, "आता काय बोलाचं. पोरीनं घर धरलं." त्या दिवशीची एस.टी. त्यांनी सोडून दिली.

ती पंचफुला. माय तिच्या हातचं खाऊन पुढे काही वर्षं जगली. कधी बरी, कधी खाटेवर. मी नववीत पुन्हा इंग्रजीतच नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटली. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मी तिला विचारलं होतं. ती मायचे केस विंचरून देऊन आली होती, हाताला तेल होतं.

"तुले त्या दिवशी समजलं होतं ना?"

"नववी पास हाव मी. तुमच्यावानी नाई."

"मंग हो काहून म्हटलं? मामाले सांगाचं होतं."

तिने हात लुगड्याला पुसला. "सारं घर लपवून राहिलं होतं. बुढी सूप धरून बसली, बुढा खोटं बोलून राहिला. अन् तुमी एकटे भर ओसरीत उभे राहून खरं सांगून राहिले. म्हटलं, एका मानसाले तरी लपवता येत नाई इथं."

मी म्हटलं, "मी काही सांगत नोतो. ते पाठ होतं. मधलं गाळता येत नोतं मले."

"मालूम हाये," ती म्हणाली. "पाठ केलं, पन खरंच केलं ना?"

साऱ्या संसारात माझ्या मूर्खपणाचा तिने असाच चांगला अर्थ लावला. आता तो लावणारं कोणी राहिलं नाही, त्यामुळे मूर्खपणा आहे तसाच दिसतो.

तर ते सूप. ती भिंत धरत धरत बसली, मग आडवी झाली. पोराने ऑटो आणला, भंडाऱ्याला नेलं. दिवेलागणीला घरी आणलं तेव्हा ती गेलेली होती. त्याचं मला जास्त लिहायचं नाही. सुनेने मधल्या वेळात अंगणातले तांदूळ झाडून सुपात भरून ठेवले होते, माती-खड्यांसकट. भिंतीला सूप टेकवलेलं होतं. रात्रभर मला तेच दिसत होतं.

सकाळी अंगणात माणसं जमली. तिरडी बांधून झाली. शेजारच्या काकूचा मोठा मुलगा आता गावातला जाणता, तोच सारं पाहत होता. तो म्हणाला, "तोंडात टाकाले मूठभर तांदूळ आना जी." सून डब्याकडे निघाली.

मी म्हटलं, "डब्यातले नको. त्या सुपातले आन."

"मामाजी, ते सांडलेले हायेत. माती हाये त्यात."

"आन म्हटलं तं आन."

तिने सूप आणून दिलं. मी ओसरीवर खांबाला टेकून बसलो, चष्मा लावला, सूप मांडीवर घेतलं. पाखडता येत नव्हतंच. म्हणून मी एक एक दाणा उचलून फुंकर मारत होतो आणि तळहातावर ठेवत होतो. तिने पाखडलेले तांदूळ होते ते, आदल्या दुपारी निवडून झालेले. त्यात पुन्हा खडे आले त्याला ती काय करणार. कोणीतरी मागून म्हणालं, "आटपा जी, ऊन चढून राहिलं." कोणीतरी त्याला गप्प केलं. डोळ्यांतून पाणी गळायचं, मग खडा आणि तांदूळ सारखाच दिसायचा, मग चष्मा पुसायचा. लोक उभे होते. ती अंगणात होती, पिवळ्या लुगड्यात. मी कोणाकडे पाहिलं नाही. मूठ भरली तेव्हा सूप खाली ठेवलं आणि उठलो.